डोंगराची शिरगणती

चौक गावाबाहेर कलेक्टरसाहेबाचा तंबू पडला आहे. महिना मे, साल १८५०. तुम्ही थोड्या अंतरावर आंब्याच्या सावलीत उभे आहात. हातात वही आहे, म्हणून कुणी तुम्हाला हटकत नाही. वहीवाला माणूस म्हणजे सरकारी माणूस, ही समजूत या मुलखात आजही आहे आणि पुढेही राहणार आहे. तुमचे काम एकच. उत्तरेला जो डोंगर दिसतो, त्याच्या माथ्यावर माणसे किती ते मोजायचे. आज मोजायचे, आणि मग पुढच्या पावणेदोनशे वर्षांत वाटेल तिथे थांबून पुन्हा मोजायचे.

आधी डोंगर नीट बघून घ्या, म्हणजे मोजणी कुठे फसते ते पुढे कळेल. हा सह्याद्रीचा, पण सह्याद्रीच्या मुख्य धारेतून सुटलेला डोंगर. मधून उल्हास नदीचे खोरे गेले आहे. पलीकडे बोरघाट, भीमाशंकर. अलीकडे ही एकटी रांग: मलंगगड, नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, पेब, मग हा रुंद माथा आणि त्याला लागून प्रबळगड. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला हा दगड असल्यामुळे माथा सपाट आणि बाजू तुटलेल्या. वर तांबडा जांभा, त्याखाली काळा कातळ. जांभा पाणी धरत नाही; पावसाचे पाणी त्यातून झिरपते, कातळाशी अडते आणि कड्याच्या अंगाने झऱ्यांतून बाहेर पडते. माथ्याला खेटून उभा कडा, कड्याखाली रानाने भरलेला उतार, उताराला फुटलेल्या सोंडा, आणि सोंडांवर जिथे चार घरे बसतील एवढी सपाटी सापडली तिथे वाड्या. ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या, कुठे धनगरांच्या.

माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. तळाशी असलेले नेरळ जेमतेम चाळीसेक मीटरवर. म्हणजे इथे 'शेजार' ही गोष्ट आडवी मोजायची सोय नाही.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ह्यू पॉइंट्झ मॅलेट तंबूतून बाहेर पडतो आणि फिरत फिरत डोंगराच्या अर्ध्यापर्यंत जातो. ठाण्याचा कलेक्टर आहे. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात. वरची घळ आणि तिच्यातले दाट रान त्याच्या डोळ्यांत भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या पाटलाला बरोबर घेऊन तो पुन्हा निघतो. तुम्हीही मागे निघा. वाट ज्या सोंडेवरून चढते तिला पुढे वन ट्री हिल म्हणतील आणि तिथल्या घळीला शिवाजीची शिडी. महाराज इथून चढले की नाही हे विचारत बसू नका. या मुलखात अवघड वाट दिसली की ती महाराजांच्या नावावर चढतेच.

चढ दमवणारा आहे. साहेब थांबतो तेव्हा पाटीलही थांबतो, पण दमला म्हणून नव्हे, रीत म्हणून. माथ्यावर पाऊल टाकताच उन्हाचा रंग बदलतो. जांभूळ, हिरडा, अंजन यांची झाडे एकमेकांत शिरलेली. वारा गार. खाली चौकात जमीन भाजत होती, हे आता खरे वाटत नाही. झाडावरून शेकरू ओरडते आणि साहेब मान वर करून पाहत राहतो. दुपारी सगळे रामबागेच्या बाजूने खाली उतरतात.

पुढे पुस्तकांत येईल की मे १८५० मध्ये मॅलेटने माथेरान शोधून काढले. शोधणाऱ्याच्या पुढे पाटील चालत होता आणि त्याला एकदाही वाट विचारावी लागली नाही, एवढे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत. वहीत काय लिहिणार? 'वस्ती नाही' हे सोपे उत्तर आहे. पण ज्या पायवाटेवरून तुम्ही चढलात ती कुणाच्या तरी पायांनीच मळलेली होती. गुरे चारायला, लाकडे, मध, हिरडे आणायला माणसे माथ्यावर येत होती आणि उतारावरच्या घराकडे परत जात होती. ती मोजायची की नाही? पहिल्याच पानावर हा पेच पडतो. पुढे साल बदलेल, पेच तोच राहील.

पावसाळा सरल्यावर मॅलेट परत येतो, वाटा साफ करवतो, घर बांधतो. त्याच्यामागे मुंबईचे इतर साहेब. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन येतो आणि आखीव रस्ते होतात. १८५६ मध्ये कल्याणहून खोपोलीकडे जाणारी आगगाडी नेरळवरून धावू लागते आणि मुंबईचा उकाडा सोडून एका दिवसात माथ्यावर पोचणे शक्य होते. नेरळहून घाटरस्ता सात मैलांचा. टोकांना नावे पडतात: पॅनोरमा, गार्बट, लुईझा, एको, पॉर्क्युपाइन. तलावाचे नाव शार्लोट. तलावाकाठी मात्र पिसारनाथाचे देऊळ आहे ते आहेच; त्याचे नाव बदलावे असे कुणा साहेबाला वाटले नाही, किंवा जमले नाही.

आता थेट १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री उतरा. हिंदुस्थानभर एकाच रात्री माणसे मोजण्याचा हा पहिला प्रयोग. खानेसुमारी. आधीच्या काही दिवसांत याद्या तयार झाल्यात. आज रात्री प्रत्येक घरासमोर जाऊन यादीतला माणूस खरोखर इथे झोपला आहे का ते ताडायचे. माघी पौर्णिमा होऊन तीन दिवस झालेत, त्यामुळे चंद्र बऱ्याच उशिरा उगवणार. तोवर कंदील.

बाजारातून तुम्ही प्रगणकामागे चालता. दुकानदार, त्याची बायको, तीन मुले, दुकानातच झोपणारा गडी. वय, जन्मगाव, मातृभाषा, धर्म, जात, धंदा, लिहिता-वाचता येते का. गडी वय सांगताना अडखळतो; प्रगणक त्याच्या तोंडाकडे बघून तीस लिहितो. मग बंगले. फाटकापासून घरापर्यंतच अर्धा फर्लांग चालावे लागते. आत अंधार. माळी बाहेर येतो, अंगावर घोंगडी.

"मालक?"

"मुंबईला."

"कधी येणार?"

"एप्रिलात. न्हाई तर दिवाळीच्या सुमाराला."

प्रगणक माळ्याला लिहून घेतो आणि पुढच्या फाटकाकडे वळतो. तिथेही माळीच. गंमत ध्यानात घ्या: थंड हवेच्या ठिकाणाची मोजणी थंडीत चालली आहे. या डोंगराचे दोन हंगाम, पावसाआधीचा उन्हाळा आणि पावसानंतरचे दोन महिने. फेब्रुवारीत मुंबईतच हवा बरी असते. वर येऊन करायचे काय? यानंतरच्या खानेसुमाऱ्याही फेब्रुवारी-मार्चमध्येच होत राहतील. १९११ ची १० मार्चला, १९३१ ची २६ फेब्रुवारीला. देशाच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच आहे. सुगी उरकत आलेली, पाऊस नाही, यात्रा-लग्नसराईची मोठी ये-जा अजून सुरू व्हायची. या एका डोंगराच्या दृष्टीने मात्र प्रत्येक वेळी फोटो काढणारा येतो तो पाहुणे उठून गेल्यावर.

मेमध्ये येऊन मोजले असते तर बंगल्यांतले पारशी, बोहरी, गुजराती, इंग्रज कुटुंबकबिल्यासह सापडले असते, त्यांचे खानसामे, आया, धोबी, घोड्यांचे मोतद्दार सापडले असते. आणि तरीही उतारावरच्या वाडीतून पहाटे निघून दूध, भाजी, लाकडाची मोळी घेऊन वर आलेली बाई सापडली नसती, कारण खानेसुमारी रात्री होते आणि ती रात्री वर नसते. कागदावर ती कुठल्या तरी खालच्या गावाच्या हद्दीत येते. माथ्यावरचा चहा तिच्या दुधाचा असला तरी.

पुढचा टप्पा झटपट उरकू, कारण आगगाडीची गोष्ट तुम्ही ऐकलेली असणारच. सर आदमजी पीरभॉय एकदा नेरळला उतरले आणि वर जायला घोडा, पालखी काहीच मिळाले नाही, तेव्हा त्यांनी इथे गाडीच आणायची असे ठरवले, अशी दंतकथा आहे. खरे इतके की त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेले, १९०४ ते १९०७ बांधकाम चालले, खर्च १६ लाख रुपये आला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. रूळ दोन फुटांच्या अंतरावर. इंजिने जर्मनीची, ओरेन्स्टाइन अँड कॉपेल कंपनीची. सात मैलांच्या रस्त्याऐवजी वीसेक किलोमीटरची वळणे घेत, वीस फुटांना एक फूट असा चढ चढत गाडी जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत माथ्यावर येते. तुम्ही त्या दिवशी फलाटावर थांबा, हारतुरे बघा, पण नजर फलाटाबाहेर असू द्या. गाडीतून उतरलेल्या ट्रंका बंगल्यापर्यंत कोण नेतो? डोकेच. पालखीचा घाट वाचला असेल, ओझ्याची वाट वाचली नाही. पावसाळ्यात तर घाटातली गाडीच बंद. मग चार महिने पुन्हा पाय.

या गाडीच्या आगेमागेच, १९०५ साली, माथ्याला नगरपालिका मिळाली. खेड्याएवढ्या वस्तीला नगराचा थाट आला. हद्दीच्या खुणा रोवल्या गेल्या आणि वर-खाली हा भेद आता नकाशावरही आला.

१९१२ च्या १ डिसेंबरला या माथ्यावर एक मूल जन्मते. घर न्हाव्याचे, परिस्थिती हलाखीची. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. तुम्ही वहीत एक आकडा वाढवा आणि पुढे चला, कारण एका जन्माने शिरगणतीत फरक पडत नाही. पण तीसेक वर्षांनी पुन्हा इथे थांबा. मुलगा वकील होऊन परतला आहे. माथेरानच्या नगरपालिकेत उपनगराध्यक्ष झाला आहे आणि त्याचा जीव मात्र हद्दीखालच्या माणसांत अडकला आहे. सावकाराकडून दाणे घेऊन पिढ्यान्‌पिढ्या फेडत बसलेले ठाकूर, कातकरी, शेतकरी. त्यांच्यासाठी तो धान्यकोठ्या उभारतो. हद्दीवरचा खांब त्याला दिसत नसावा. किंवा लहानपणी वस्तरा घेऊन घरोघर जाणाऱ्या बापाच्या मागे हिंडलेल्या मुलाला कोण कुठे झोपतो आणि कोण कुठे राबतो याची शिरगणती आमच्यापेक्षा आधी कळली असावी. हा माझा तर्क, पण मला तो पटतो.

१९४२ साली भाई कोतवाल भूमिगत होतात. त्यांच्या आझाद दस्त्यात याच उतारांवरची, तळाच्या गावांची पोरे आहेत. रान पायाखालचे असलेली. मुंबईला वीज नेणाऱ्या तारांचे मनोरे एकामागून एक कोसळू लागतात. डोंगराने मुंबईकडून आतापर्यंत पाहुणे घेतले होते. आता त्याने मुंबईची वीज अडवली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. तुम्ही तिथे जाऊ नका. त्या पहाटे तिथे वहीवाल्या माणसालाही कुणी सरकारी माणूस म्हणून सोडणार नाही.

आता २६ जुलै २००५. मुंबई बुडाली तो दिवस, पण तुम्ही माथ्यावर आहात. इथे पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतोच. दुकानांना, व्हरांड्यांना प्लास्टिक बांधून माणसे चार महिने काढतात. आजचा पाऊस वेगळा आहे. समोरचे माणूस दिसत नाही. ढग खिडकीतून घरात शिरतो, कपाटातल्या कपड्यांना ओल येते, हे नेहमीचे. पण घाटातून येणारा आवाज नेहमीचा नाही. सकाळी कळते की रुळांखालची जमीन जागोजाग वाहून गेली आहे. गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडेल, तिच्या शंभरीच्या सुमारास. तोवर रस्ता. तो डोंगराच्या खांद्यावर दस्तुरी नाक्यापर्यंतच, कारण त्यापुढे मोटारी नेऊ न देण्याचा नियम जुना आहे आणि २००३ पासून तर माथा आणि भोवतालचा परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केलेला आहे.

त्या नियमाची बाजू घेणारा मी आहे. मोटारी आल्या असत्या तर या माथ्याची काय दशा झाली असती हे पाहायला काळात प्रवास करावा लागत नाही. घाटावरची बाकीची थंड हवेची ठिकाणे आहेत. पण नियमाचे वजन कुणाच्या खांद्यावर पडते तेही बघा. दस्तुरीपासून बाजारापर्यंत तीनेक किलोमीटर. सिमेंटची गोण, गॅसची टाकी, हॉटेलाचे तांदूळ, आजारी म्हातारी, पाहुण्यांच्या बॅगा हे सगळे वर्षानुवर्षे घोड्यावर, डोक्यावर किंवा हातरिक्षात गेले. हातरिक्षाला पुढे एक जण जुंपलेला, चढावर मागून दोघे रेटणारे. परवाने ९४ होते. घोडे साडेचारशेच्या वर. म्हणजे माथ्यावर दर दहा रहिवाशांमागे ढोबळमानाने एक घोडा पडतो. महाराष्ट्रात दुसऱ्या कुठल्या नगरपरिषदेला हे प्रमाण सांगता येईल असे वाटत नाही.

आणि रहिवासी किती? २००१ मध्ये ५,१३९. २०११ मध्ये ४,३९३. दहा वर्षांत साडेसातशेच्या आसपास माणसे कमी. देश वाढतो आहे, जिल्हा वाढतो आहे, तळाचे नेरळ तर डोळ्यांदेखत फुगते आहे, आणि माथा आटतो आहे. घर वाढवायचे तर परवानगी नाही. पोरांना पुढे शिकायचे तर खाली उतरायचे. दुखणे वाढले तर खाली. खोली भाड्याने हवी तर नेरळला परवडते. मग माणूस खाली राहायला जातो आणि सकाळी कामाला वर येतो. १८५० मध्ये जे ठाकूर-कातकरी करत होते, तेच आता हॉटेलातला वेटर, घोडेवाला, दुकानातला पोरगा करू लागला. माथेरान गिरिस्थान नगरपरिषद असे भारदस्त नाव असलेल्या या गावात सकाळी नऊला मोजा, दुपारी दोनला मोजा, रात्री अकराला मोजा. तीन वेगळी गावे सापडतील. शनिवारी चौथे.

दक्षिणेच्या चौक पॉइंटवर जरा उभे राहा. समोर प्रबळगडाचा आडवा माथा, त्याच्या पुढे आरपार भोक असलेला इरशाळगडाचा सुळका. त्या सुळक्याच्या पायथ्याशी, उतारावर, इरशाळवाडी. ठाकरांची. खालच्या रस्त्यापासून तासभराची चढण, गाडीवाट नाही. साल २०२३, जुलैची १९ तारीख. रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला वरचा उतार सुटून वाडीवर येतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे पोचता तेव्हा पाऊस थांबलेला नाही. हेलिकॉप्टर उडू शकत नाही, जेसीबी चढू शकत नाही. माणसे फावड्या-टिकावांनी माती उपसत आहेत. आणि तळाशी एका छपरात काही कर्मचारी तुमचेच काम करत आहेत: वाडीत माणसे किती? हा प्रश्न आजवर एवढ्या घाईने कुणी विचारला नव्हता. यादी आहे, पण काल रात्री कोण घरी होता? पोरे आश्रमशाळेत होती की सुट्टीला आली होती? कोण मासे धरायला गेला होता? कोण कामाला खाली गेला आणि पावसामुळे तिथेच राहिला? नातेवाईक नावे सांगतात, कर्मचारी लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. अखेर आकडा २२८ वर स्थिरावतो. २७ मृतदेह हाती लागतात. ५७ माणसे मातीतच राहतात. धोक्याच्या दरडींची जी सरकारी यादी होती तिच्यात या वाडीचे नाव नव्हते.

इथे वही बंद ठेवा. उरलेल्यांसाठी चौकजवळ नवी घरे बांधली गेली. म्हणजे मॅलेटचा तंबू जिथून उठला त्या परिसरात डोंगरावरची ही माणसे उतरून आली.

तुम्हाला वाटेल की एवढ्यानंतर तरी मोजण्याची रीत बदलेल. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच. यादरम्यान ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणूस ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, असा आदेश दिला. पंजाबातल्या रिक्षाचालकांबाबतच्या १९८० सालच्या निकालाची आठवण काढत न्यायालयाने विचारले ते बरोबरच विचारले: स्वातंत्र्याला इतकी वर्षे झाल्यावरही हे कसे चालू राहिले? मी याचे उत्तर डोंगराच्या रचनेत शोधतो. जे गाव आपल्या रात्रीच्या माणसांनाच गाव समजते, त्याला दिवसाच्या माणसांच्या पाठीचे दुखणे ऐकू यायला वेळ लागतो. रिक्षा ओढणारे कितीजण माथ्यावर झोपतात आणि कितीजण नेरळला, याचे कोष्टक कुठल्याही जनगणनेच्या पुस्तकात नाही.

शेवटचा मुक्काम थोडा मागे, फेब्रुवारी २०११. महिन्याच्या ९ तारखेपासून प्रगणक घरोघर हिंडत आहेत. माथ्यावर जाऊ नका. कड्याखालच्या उताराला एका वाडीत थांबा. कुडाची घरे, काही आता विटांची. अंगणात तुरीच्या काड्या रचलेल्या. कोंबड्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई जनगणनेचा लांबलचक अर्ज मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या आहेत; सकाळी शाळा, दुपारी हे. समोर उंबऱ्याशी एक मावशी, दस्तुरीवर ओझी वाहणारी. आज बाई येणार म्हणून खाडा केला आहे. वय, लग्न हे रकाने भरून झाले. आता अर्जात असा एक प्रश्न येतो की ज्यासाठी तुम्ही १८५० पासून वाट पाहत होता: कामाच्या ठिकाणी कसे जाता, आणि ते एका बाजूने किती किलोमीटर.

"मावशी, कामाला कुठं जाता?"

"वर. माथेरानला."

"कशानं?"

मावशी हसते. बाईही हसतात आणि पायी जाणाऱ्यांसाठी ठरलेला १ हा आकडा लिहितात. अर्जात सायकल आहे, बस आहे, आगगाडी आहे, नाव-होडीसुद्धा आहे; उंची नाही.

"आणि अंतर किती, मावशी? किलोमीटरमध्ये सांगा."

"त्ये कोनी मोजलंय? चढायला दोन तास, उतरायला एक. डोक्यावर करवंदांची पाटी असली तं चढायला अडीच. पावसात वाट बदलती, मंग त्येचं निराळं. यातलं तुमच्या चौकोनात काय बसंल ते लिवा, बाई."